जर्मन पासिंगची गाडी

श्टुटगार्टच्या वाहन नोंदणी कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी माझ्या दोन्ही नंबरप्लेटा समोर आडव्या ठेवल्या, खणातून एक पातं काढलं आणि प्लेटवरचं गोल सरकारी लेबल खरवडायला घेतलं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं चिन्ह असलेलं ते लेबल म्हणजे त्या पत्र्याचा जीव. ते निघालं की उरतो नुसता पत्रा. बाईंनी टेबलावरचा चुरा हाताने झटकला, प्लेटा माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, "घ्या, आठवण म्हणून." खाली पार्किंगमध्ये उभी असलेली माझी सात वर्षांची गोल्फ त्या क्षणी जर्मनीची राहिली नाही.

नोकरी बदलून मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला चाललो होतो. अंतर पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे पुण्याहून निघून हुबळी थोडी ओलांडावी एवढं. वाटेत फेनलो गावाजवळ सीमा लागते ती कळतसुद्धा नाही. ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचं नाव लिहिलेली निळी पाटी जाते आणि दिवसाची वेग-मर्यादा १०० वर येते, इतकंच. खिशातले युरो दोन्हीकडे चालतात, माझं जर्मन लायसन्सही चालतं. घरातलं सामान ट्रकने गेलं, त्यालाही कुणी काही विचारलं नाही. अडलं ते एका गाडीचंच.

एमएच-१२ पासिंगची गाडी बंगळुरूला नेलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी हवी, नव्या राज्याचा रोड टॅक्स हवा, आणि जुन्या राज्यात भरलेला टॅक्स परत मागायचा तर चपला झिजवायची तयारी हवी. २०२१ साली आलेली बीएच मालिका हा त्यावरचाच उतारा, पण तो मोजक्या नोकरदारांपुरता. एका देशातल्या राज्याराज्यांत ही तऱ्हा, तर सत्तावीस स्वतंत्र देशांच्या संघात काय असेल, असं म्हणून मी मनाची तयारी केली होती. प्रत्यक्षात काही बाबतींत ते आपल्यापेक्षा फार सोपं निघालं आणि एका बाबतीत फार अवघड. ही एक बाब म्हणजे कर.

१ जानेवारी १९९३ रोजी युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि सदस्य देशांच्या आपसातल्या सीमांवर माल थांबवून कर घेणं बंद झालं. आता ज्या देशात मोटारींवर भरभक्कम कर आहे, त्याने वसुली कुठे करायची? त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये बीपीएम नावाचा कर आला आणि आयर्लंडमध्ये व्हीआरटी. दोन्ही कर गाडी त्या देशात पहिल्यांदा नोंदवताना लागतात. सीमेवरचा नाका उठला तो थेट नोंदणीच्या खिडकीत जाऊन बसला. पुढे गाडीमागे जो कागदांचा ससेमिरा लागतो, त्यातला बराचसा या एका गोष्टीमुळे लागतो.

अर्थात खिडकीवर गेल्यावर पहिला प्रश्न कराचा नसतो. पहिला प्रश्न असतो, ही गाडी नक्की तीच का? आणि युरोपने सगळ्यात चांगलं काम केलंय ते इथे. आपल्या आरसी बुकासारखं नोंदणीपत्र प्रत्येक देशाचं वेगळं, त्या त्या भाषेतलं. पण १९९९ च्या एका निर्देशाने त्यातल्या रकान्यांना सगळीकडे सारखीच अक्षरं दिली. 'बी' म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख, 'ई' म्हणजे चासी नंबर, 'पी.१' म्हणजे इंजिनाची क्षमता, 'पी.३' म्हणजे इंधन, 'व्ही.७' म्हणजे किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. लिथुआनियाचं नोंदणीपत्र पोर्तुगालच्या कारकुनाला वाचता येत नसलं तरी 'पी.१' समोरचा आकडा त्याला कळतो. देवनागरी न येणाऱ्यानेही सातबाऱ्यावरचं क्षेत्र बिनचूक वाचावं, तशी ही सोय.

जर्मनीत या नोंदणीपत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग गाडीत ठेवायचा, त्याला लोक अजून 'फारत्सॉइगश्राइन' या जुन्या नावानेच ओळखतात. दुसरा भाग म्हणजे 'ब्रीफ', तो घरात कपाटात. गाडी कर्जावर घेतली असेल तर तो घरात नसतो, कर्ज देणाऱ्या बँकेच्या तिजोरीत असतो. माझं कर्ज वर्षभरापूर्वीच फिटलं होतं, बँकेने 'ब्रीफ' पोस्टाने पाठवलाही होता, पण माझ्या आधीच्या पत्त्यावर. हा शोध मला कधी लागला, तर खिडकीवर नंबर आल्यानंतर. परदेशी न्यायच्या गाडीला दोन्ही भाग लागतात. बाईंनी शांतपणे पुढच्या टोकनचं बटण दाबलं. नवी प्रत निघेपर्यंत माझे तीन आठवडे गेले. गाडीचं कर्ज फिटलेल्या सगळ्यांना मी तेव्हापासून एकच सांगतो, आधी कागद हातात घ्या आणि मग पेढे वाटा.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे सीओसी. गाडी ज्या मंजूर नमुन्याप्रमाणे बनली त्याच्याशी ती जुळते, असा कारखान्याने दिलेला दाखला. यामागची कल्पना साधी आहे. एखादं मॉडेल एका सदस्य देशाने तपासून मंजूर केलं की बाकीच्यांनी ते पुन्हा तपासायचं नाही. मंजुरीच्या क्रमांकात लहान 'ई' आणि पुढे देशाचा आकडा असतो. जर्मनीचा १, फ्रान्सचा २, इटलीचा ३, नेदरलँड्सचा ४, स्पेनचा ९. माझ्या गोल्फच्या कागदावर ई१ होतं. हीच गाडी अमेरिकेतून आणली असती तर मोठाच व्याप झाला असता. तिकडच्या कित्येक गाड्यांचे मागचे इंडिकेटर लाल असतात आणि युरोपात ते पिवळे-नारिंगी लागतात. दिवे, काचा, पट्टे, धूर असं एकेक सिद्ध करत त्या एका गाडीपुरती वेगळी मंजुरी मिळवावी लागते. शिवाय युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवासी मोटारीवर १० टक्के जकात आणि त्यावर व्हॅट. कायमचं राहायला येणाऱ्याला यातून सूट मिळते, मात्र त्याने निदान बारा महिने संघाबाहेर राहिलेलं असावं, गाडी निदान सहा महिने वापरलेली असावी आणि आणल्यावर वर्षभर ती विकू नये. ब्रेक्झिटनंतर लंडन किंवा स्लाउहून जर्मनीत नोकरीला आलेली आपली मंडळीही याच रांगेत उभी राहतात.

आता नंबरप्लेटवरच्या लाल पट्टीबद्दल. जर्मन नंबर रद्द झालेली गाडी रस्त्यावर आणायची कशी? त्यासाठी निर्यातीची खास प्लेट मिळते. तिच्या उजव्या कडेला लाल पट्टी असते आणि त्यात वरून खाली दिवस, महिना, वर्ष असे तीन आकडे. त्या तारखेला प्लेट मरते. लोक तिला 'त्सोलकेनत्साइखन' म्हणजे जकातीची प्लेट म्हणतात, जरी आता शेजारच्या देशात जाताना जकातीचा काही संबंध नसला तरी. तिची धाकटी बहीण पिवळ्या पट्टीची, ती फार तर पाच दिवस चालते. प्लेट कार्यालयात मिळत नाही. कार्यालयाच्या आसपास प्लेटा ठोकून देणारी दुकानं ओळीने असतात, आपल्या आरटीओबाहेर फॉर्म भरून देणाऱ्यांची टेबलं असतात तशी. दुकानात जायचं, नंबर सांगायचा, पत्रा दाबाखाली जातो, रंगाचा रूळ फिरतो आणि पाच मिनिटांत गरम प्लेट हातात पडते. तेवढ्या दिवसांचा विमाही बहुधा त्याच काउंटरवर मिळतो. मग ती प्लेट घेऊन परत खिडकीशी, लेबल चिकटवून घ्यायला. एजंट न धरता गेलं की आपण स्वतःच आपले एजंट होतो.

मी तीस दिवसांची लाल पट्टी घेतली. युरोपचा ढोबळ नियम असा की माणसाचं राहतं घर ज्या देशात, गाडीची नोंदणी त्या देशात. घर बदललं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत नवी नोंदणी करावी, आणि बऱ्याच देशांची मुदत याहून कितीतरी कमी. आयर्लंडमध्ये गाडी उतरल्यावर सात दिवसांत तपासणीची वेळ ठरवायची आणि तीस दिवसांत सगळं उरकायचं. नेदरलँड्समध्येही एकदा रहिवासी म्हणून नाव लागलं की परदेशी नंबरावर फिरण्याची मुभा फार थोडी. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना मात्र आपल्या मूळ देशाच्याच पासिंगवर गाडी चालवता येते.

नेदरलँड्सच्या आरटीओला आरडीडब्ल्यू म्हणतात. त्यांच्या तपासणी केंद्रावर वेळ ठरवून जायचं. मला वाटलं होतं ब्रेक बघतील, दिवे बघतील. ते फारसं झालं नाही, कारण तपासणीचा जर्मन दाखला अजून मुदतीत होता आणि युरोपात नोंदणी बदलताना असा चालू दाखला मानला जातो. तपासनीसाने पहिलं काम केलं ते टॉर्च घेऊन चासी नंबर वाचण्याचं. एकदा पुढच्या काचेच्या कोपऱ्यात, एकदा बॉनेट उघडून आत पत्र्यावर कोरलेला. सतरा अक्षरं-आकडे, बोट ठेवून, पुटपुटत. या सतरांत रोमन लिपीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. पहिली तीन अक्षरं कारखान्याची. माझ्या गोल्फची डब्ल्यूव्हीडब्ल्यू. शेजारच्या रांगेत एका पोलिश मुलीची चिमुकली ह्युंदाई आय-१० उभी होती. तिच्या काचेखालचा नंबर मी सहज वाचला तर सुरुवात एमएएल. ही भारतातल्या ह्युंदाईची खूण! चेन्नईत जन्मलेली ती गाडी पोलंड करून आता डच व्हायला आली होती. मराठी डोळ्याला ती तीन अक्षरं 'माल' अशीच दिसतात, हे मी त्या मुलीला समजावण्याचा प्रयत्न केला नाही.

मग त्याने किलोमीटरचा आकडा टिपला, फोटो काढले आणि माझी जर्मन कागदपत्रं काढून घेतली. परत मिळत नाहीत. नव्या देशाने जुनी कागदपत्रं जमा करायची, निदान सहा महिने जपायची आणि जुन्या देशाला दोन महिन्यांत कळवायचं, असा नियमच आहे. एकाच गाडीला दोन देशांत दोन जन्मदाखले राहू नयेत म्हणून. गाडी चोरीची तर नाही, हे देशोदेशींच्या नोंदणी कार्यालयांना जोडणाऱ्या युकॅरिस या जाळ्यातून तपासता येतं. पुण्याहून गाडी नेताना एनओसीसाठी जे हेलपाटे आपण मारतो, ते इथे संगणक आपसात मारतात.

इथवर सगळं गोड. यानंतर येतो बीपीएम.

बीपीएमचा हिशोब 'व्ही.७' समोरच्या आकड्यावर चालतो. जितके ग्रॅम जास्त तितका कर जास्त, आणि टप्प्याटप्प्याने प्रत्येक ग्रॅमची किंमत वाढत जाते. डिझेलवर वेगळा अधिभार. विजेच्या गाडीला बरीच वर्षं माफी होती, २०२५ साली तिलाही ठरावीक ६६७ युरो लागू झाले. माझी गोल्फ पेट्रोलवरची असली तरी आकडा काही हजारांत गेला असता. पण मला एक पैसाही पडला नाही. माझ्याच ऑफिसातल्या, मूळच्या नाशिकच्या एका सहकाऱ्यानेही गोल्फच कोलोनहून विकत आणली होती, त्याला मात्र पुरता भुर्दंड बसला. फरक पडला तो गाडीमुळे नव्हे, आमच्यामुळे. मी जर्मनीत बारा महिन्यांहून जास्त राहिलो होतो, गाडी तिथे सहा महिन्यांहून जास्त माझ्या नावावर होती आणि मी बिऱ्हाड घेऊन आलो होतो. त्यामुळे ती गाडी कायद्याच्या नजरेत माझ्या कुकर आणि गाद्यांसारखंच घरसामान ठरली. तो आधीपासून आइंडहोव्हनचा रहिवासी, स्वस्त मिळते म्हणून सीमेपलीकडून खरेदी करून आलेला. त्याची गाडी आयात ठरली. माझ्यावर अट एवढीच की वर्षभर गाडी विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही.

सहकाऱ्याचा राग मात्र बीपीएमपेक्षा आणखी एका नियमावर होता. गाडी विकत घेताना तो म्हणत होता, जुनी गाडी आहे, आठ महिने वापरलेली, व्हॅट काय तो जर्मनीत भरला, १९ टक्के. पण व्हॅटच्या कायद्यात 'नवी' शब्दाची व्याख्या वेगळी आहे. पहिल्या वापराला सहा महिने व्हायचे असतील, किंवा गाडी ६,००० किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसेल, तर ती नवी. दोन्हींतली एक गोष्ट पुरते. त्याची गाडी आठ महिन्यांची असली तरी चालली होती जेमतेम ५,४०० किलोमीटर. म्हणजे नवी. आणि नव्या गाडीचा व्हॅट ती जिथे नांदायला जाते तिथे भरायचा, नेदरलँड्समध्ये, २१ टक्के. जर्मनीतला परत मागत बसायचा. "आणखी सहाशे किलोमीटर फिरवून आणली असती तर?" असं त्याने मला विचारलं. फिरवून मग विकत घेतली असती तर वाचला असतास, असं मी म्हणालो, आणि ते त्याला फार आवडलं नाही.

जर्मनीत नोंदणीचा असा कर नाहीच, फक्त दरवर्षीचा वाहनकर आहे. गाड्यांचा बाजारही युरोपात सगळ्यात मोठा. त्यामुळे जुन्या गाड्यांचा ओघ जर्मनीतून चहूकडे वाहतो आणि प्रत्येक देश आपापल्या दारात बांध घालतो. पोलंड अबकारी कर लावतो, साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर दोन लिटरच्या इंजिनापर्यंत ३.१ टक्के आणि त्यापुढे एकदम १८.६ टक्के. डेन्मार्क सगळ्यांचा बाप. तिथे गाडीच्या किमतीवर आधी २५ टक्के व्हॅट, आणि व्हॅट धरून होणाऱ्या रकमेवर नोंदणी कर. २०२१ पासूनच्या टप्प्यांत पहिल्या भागावर २५ टक्के, मधल्यावर ८५ टक्के आणि वरच्या भागावर १५० टक्के.

असा बांध किती उंच घालावा, यावर लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात चाळीस वर्षं खटले चालू आहेत, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रंजक वाटतात ते हेच. १९८५ चा उंब्लो खटला घ्या. फ्रान्समध्ये वाहनकर इंजिनाच्या ताकदीप्रमाणे हळूहळू चढत जायचा, वरच्या टोकाला ११०० फ्रँकपर्यंत. मात्र कागदोपत्री १६ अश्वशक्तीच्या वर गाडी गेली की एकदम ५००० फ्रँक. नियमात परदेशी हा शब्दच नव्हता. फक्त १६ च्या वरची एकही गाडी फ्रान्समध्ये बनत नव्हती! मर्सिडीज घेतलेल्या उंब्लो महाशयांनी तो कर भरला आणि मग ते भांडले. न्यायालयाने म्हटलं, कर वरकरणी सर्वांना सारखा असला तरी त्याचा फटका बरोबर परदेशी मालालाच बसतो, हा भेदभाव आहे.

डेन्मार्कवर १९९० साली निकाल आला तो आणखी मजेशीर. न्यायालय म्हणालं, तुमचा कर कितीही अवाढव्य असो, त्याला भेदभाव म्हणता येत नाही, कारण डेन्मार्कमध्ये मोटारी बनतच नाहीत. भेदभाव कुणाच्या तुलनेत? पण बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीचं मोल तुम्ही जवळजवळ नव्या किमतीइतकं धरता, हे चुकलं. डेन्मार्कमध्येच जुन्या झालेल्या गाडीच्या किमतीत जेवढा कर उरलेला असेल, त्यापेक्षा जास्त कर बाहेरच्या जुन्या गाडीवर लावता येणार नाही. हे तत्त्व एकदा कळलं की आज नेदरलँड्स, आयर्लंड, फिनलंडमध्ये गाडीच्या घसाऱ्यावरून एवढी हुज्जत का चालते ते कळतं. गाडीला ओरखडे किती, टायर किती झिजले, बाजारभाव काय, यावर मूल्यमापनाचे अहवाल निघतात, कारण घसारा जितका जास्त तितका कर कमी. जगात बहुधा हाच एक व्यवहार असा की मालक स्वतःहून आपली गाडी किती भंगार आहे हे पटवून देतो.

रोमानियाने हे तत्त्व अंगावर घेतलं. २००८ साली तातू नावाच्या गृहस्थांनी जर्मनीतून जुनी गाडी आणली आणि पहिल्या नोंदणीच्या वेळी प्रदूषण कर भरावा लागला म्हणून ते सिबिऊच्या कोर्टात गेले. सरकारचं म्हणणं, जुन्या धुरकट गाड्या आवरायच्या आहेत. २०११ साली लक्झेंबर्गहून उत्तर आलं: रोमानियात आधीपासून फिरणाऱ्या तितक्याच जुन्या, तितक्याच धुरकट गाड्यांवर हा कर नाही, मग धूर फक्त बाहेरून आलेल्या गाडीचाच का डाचतो? कर वेगवेगळी नावं घेऊन परत येत राहिला आणि शेवटी २०१७ साली गेला, घेतलेले पैसे परत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकून. दरम्यान कितीतरी रोमानियन मंडळींनी दन्यूब ओलांडून बल्गेरियाचं पासिंग केलं होतं. कर चुकवायला शेजारच्या राज्याचा नंबर घेणं ही कला फक्त पाँडिचेरी पासिंगच्या आलिशान गाड्यांपुरती आहे, असा माझा समज होता.

उजव्या स्टिअरिंगचा खटला मात्र कराचा नव्हे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कामाला गेलेले पोलिश आणि लिथुआनियन लोक परत येताना तिथल्या गाड्या घेऊन येत. दोन्ही देश म्हणत, स्टिअरिंग डावीकडे करून आणा, मगच नंबर देऊ. म्हणजे डॅशबोर्ड, पेडल, वायरिंग सगळं उलटं. त्यापेक्षा दुसरी गाडी परवडते. २० मार्च २०१४ रोजी न्यायालयाने हे मोडीत काढलं. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या घेऊन पर्यटक तुमच्याच रस्त्यांवर येतात ते चालतं, मग राहायला आलेल्याचं का चालत नाही? ओव्हरटेक करताना दिसत नसेल तर जादा आरसा लावायला सांगा. दिव्यांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो आजही लागू आहे. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या गाडीचा डीपर डाव्या कडेला थोडा वर उजेड टाकतो, फुटपाथच्या बाजूला. तीच गाडी उजवीकडून चालवली की तो उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून हेडलाइट बदलावे लागतात, आणि मागचा धुक्याचा दिवा एकच असेल तर तो उजवीकडून डावीकडे किंवा मधोमध आणावा लागतो.

माझी फाइल बीपीएम माफीच्या निर्णयासाठी थांबली होती, तेवढ्यात लाल पट्टीवरची तारीख उलटली. पुढचे सोळा दिवस गोल्फ कुठल्याच देशाची नव्हती. रस्त्यावर उभी करायचीसुद्धा सोय नाही, म्हणून त्याच नाशिककर सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये तिला आसरा मिळाला. त्याने तिच्याकडे रोज जळफळाट करत पाहिलं असणार. सतराव्या दिवशी पत्र आलं आणि मग क्रेडिट कार्डाएवढं नोंदणीपत्र. २०१४ पासून इथे कागदी पुस्तक नाही.

जर्मनीत नंबर म्हणजे हौस. आधी शहराचं अक्षर, श्टुटगार्टचं 'एस', म्युनिकचं 'एम', हॅम्बुर्गचं 'एचएच', आणि पुढची अक्षरं-आकडे थोडे जास्त पैसे भरून आवडीचे घेता येतात. नाझी काळाची आठवण देणारी 'एसएस' किंवा 'केझेड' अशी अक्षरं तेवढी मिळत नाहीत. आयर्लंडच्या नंबरात सुरुवातीलाच नोंदणीचं वर्ष असतं. २०१३ साल आलं तेव्हा तेराचा अपशकुन नको म्हणून गाड्या कुणी घेणार नाही अशी धास्ती पडली, आणि सहामाहीप्रमाणे १३१, १३२ अशी पद्धत सुरू झाली, ती अजून चालू आहे. बेल्जियममध्ये नंबर मालकाचा. गाडी विकली तरी प्लेट काढून घेऊन नव्या गाडीवर लावता येते. नेदरलँड्समध्ये याच्या नेमकं उलट. नंबर गाडीचा, भंगारात जाईपर्यंत. मालक कितीही बदलोत, नंबर बदलत नाही. निवडीला वाव नाही, रांगेत जो येईल तो. त्यात स्वरही वापरत नाहीत, त्यामुळे कुणाचं नाव किंवा शिवी चुकून तयार होण्याचा प्रश्नच येत नाही.

पिवळ्या प्लेटा करून घ्यायला मान्यताप्राप्त दुकानातच जावं लागतं. माझी मुलगी बरोबर आली होती. दुकानदाराने माझं ओळखपत्र पाहिलं, नोंदणीचं कार्ड मशीनला लावलं, दोन प्लेटा काढल्या आणि पाना घेऊन स्वतःच बाहेर येऊन बसवल्या. श्टुटगार्टच्या नंबरात आम्ही हौसेने तिच्या नावाचं आद्याक्षर घातलं होतं. तिने पुढची प्लेट पाहिली, फिरून मागची पाहिली.

"यात माझं अक्षर कुठंय?"

"यात आपलं काहीच नाही. हा नंबर गाडीचा आहे."

तिने मागचं दार उघडलं, सीटखालून जुनी, शिक्का खरवडलेली 'एस'ची प्लेट ओढून काढली आणि घरी पोचेपर्यंत मांडीवर धरून बसली.